इम्पॅक्ट फॅक्टर: निरंक

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांच्या छाननी, निवड आणि पदोन्नती समित्यांवर बसणाऱ्या मान्यवरांस,

स. न. वि. वि.

हे पत्र मी आधी एका कुलसचिव कार्यालयाला लिहिलं होतं. आवक क्रमांक मिळाला, पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दोन महिने वाट पाहिली. तेवढ्यात आणखी दोन विद्यापीठांतले सहकारी भेटले आणि दोघांनीही जवळजवळ शब्दशः तीच हकिकत सांगितली. म्हणून आता नाव न घेता, सगळ्यांना मिळून लिहितो आहे.

झालं ते असं. माझी एक जुनी विद्यार्थिनी सहयोगी प्राध्यापकपदासाठी उमेदवार होती. छाननीचा तक्ता तिला नंतर पाहायला मिळाला. ए-थ्री कागदावर काढलेली एक्सेलची प्रिंट, अक्षर इतकं बारीक की चष्म्यावर भिंग धरावं. तिच्या पाचव्या पेपरपुढे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’च्या (जर्नलातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याच्या) रकान्यात ‘निरंक’ असं लिहिलेलं, आणि त्यापुढच्या रकान्यात ५. खाली बेरीज ७२. लागतात ७५. शेवटी लाल शाईत ‘अपात्र’.

ती हरकत नोंदवायला गेली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, “मॅडम, जर्नल चांगलं असेलही हो. पण आकडा नाही, तर आम्ही रकान्यात काय लिहायचं?” माणूस चांगला होता. त्याच्यावर माझा रागही नाही. माझं म्हणणं त्या रकान्याबद्दल आहे.

मी एकोणतीस वर्षं गणित शिकवतो. विषय कॉम्बिनेटोरिक्स. बाहेरच्यांना सांगताना ‘परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या पुढचं’ असं सांगतो, म्हणजे निदान अकरावीची आठवण तरी येते. तुमच्यासारख्या समित्यांवर मीही बसलो आहे, तेव्हा आतलं कामकाज मला ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे सांगेनच. आधी त्या पाचव्या पेपरचं.

तो पेपर ज्या जर्नलमध्ये आला ते नवं आहे, पण त्याच्यामागे जुनी गोष्ट आहे. १९६६ साली फ्रँक हरारी आणि जियान-कार्लो रोटा यांनी ‘जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरियल थिअरी’ सुरू केलं. तोवर या विषयाला स्वतःचं असं घर नव्हतं. कुणी संख्याशास्त्राच्या जर्नलात पेपर टाकायचं, कुणी बीजगणिताच्या. पाच वर्षांत काम इतकं वाढलं की १९७१ मध्ये त्याची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन जर्नलं करावी लागली. ‘बी’ मुख्यतः ग्राफ थिअरीचं (ग्राफ म्हणजे रेषांनी जोडलेल्या बिंदूंचं जाळं). रॉबर्टसन आणि सीमोर यांची ‘ग्राफ मायनर्स’ ही वीसहून अधिक पेपरांची प्रसिद्ध मालिका बहुतांशी त्यातच आली. ‘ए’मध्ये डिझाइन्स, गणन, सांत भूमिती वगैरे. आमच्या पिढीसाठी ‘जेसीटी-ए’त पेपर येणं म्हणजे घरी पेढे. ग्रंथालयात त्याचे हिरवट बांधणीचे जुने खंड होते, ते मी पानं न दुमडता वाचायला शिकलो, कारण ग्रंथपाल बाई पानं मोजून परत घ्यायच्या.

हे जर्नल पुढे एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘ए’च्या संपादक मंडळातल्या बहुसंख्य सदस्यांनी आपण बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्यांना वाचकाकडूनही पैसे घ्यायचे नव्हते आणि लेखकाकडूनही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या ‘कॉम्बिनेटोरियल थिअरी’ या नव्या जर्नलचा पहिला अंक आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयव्यवस्थेच्या आधारावर ते निघतं.

कॉम्बिनेटोरिक्सवाल्यांना हे नवीन नाही. हर्बर्ट विल्फ आणि नील कॅल्किन यांनी १९९४ मध्ये, इंटरनेट अजून बाल्यावस्थेत असताना, ‘इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्स’ काढलं. ते आजही लेखकाला आणि वाचकाला फुकट आहे. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ अल्जिब्रेइक कॉम्बिनेटोरिक्स’चे संपादक बाहेर पडले आणि त्यांनी ‘अल्जिब्रेइक कॉम्बिनेटोरिक्स’ सुरू केलं. २०१२ मध्ये महागड्या जर्नलांविरुद्ध ज्यांच्या ब्लॉगवरून बहिष्काराची चळवळ पेटली ते टिमोथी गॉवर्सही आमच्याच आळीतले.

आता तुमच्या रकान्याकडे या. एखाद्या जर्नलचा २०२१ सालचा इम्पॅक्ट फॅक्टर कसा निघतो? त्या जर्नलात २०१९ आणि २०२० मध्ये छापलेल्या पेपरांना २०२१ मध्ये किती संदर्भ मिळाले ते मोजायचं आणि त्या पेपरांच्या संख्येनं भागायचं. म्हणजे फुटीनंतरच्या वर्षी जुन्या जर्नलला जो आकडा मिळाला, तो जाणाऱ्या संपादकांनीच निवडलेल्या पेपरांच्या जिवावर. ते संपादक नव्या ठिकाणी जाऊन बसले, तीच नजर, तोच कडकपणा, पेपर छापण्याआधी तपासणारे बरेचसे रेफरीही तेच. पण सुरुवातीला नव्या जर्नलला मागची दोन वर्षंच नव्हती, त्यामुळे आकडाही नव्हता. दुकानाची पाटी जुन्या जागी राहिली, आचारी समोरच्या गल्लीत गेला, आणि आपण पाटीकडे बघून चव ठरवतो आहोत. जुन्या जर्नलात आता दुसरे संपादक आहेत, तेही आपापलं काम करत असतील, त्यांच्याविषयी मला वाईट बोलायचं नाही. माझ्या विद्यार्थिनीनं मात्र तोच पेपर जुन्या पत्त्यावर पाठवला असता आणि तो स्वीकारला गेला असता, तर तुमच्या तक्त्यात तिला किमान १० मिळाले असते.

तिनं नव्या पत्त्यावर पाठवला, कारण मीच सांगितलं. हे इथे कबूल करतो. “चांगले लोक तिकडे आहेत, तिकडे पाठव,” असं मी म्हणालो होतो. दोन रेफरींचे मिळून नऊ पानांचे अभिप्राय आले. एका रेफरीनं चौथ्या विभागातल्या एका उपप्रमेयात खोट काढली, जी तिला आणि मला दोघांनाही दिसली नव्हती. ती दुरुस्त करायला पाच महिने लागले, आणि त्यातून मूळ प्रमेय आधीपेक्षा ताकदीचं झालं. पाठवल्यापासून स्वीकृतीपर्यंत चौदा महिने. या चौदा महिन्यांचं आणि नऊ पानांचं वजन तुमच्या हिशेबात ‘निरंक’.

ही पहिली तक्रार. दुसरी त्या तक्त्याबद्दलच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पायऱ्या आहेत: इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर ५ गुण, एकाखाली असेल तर १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. आकडा ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीनुसार’ घ्यावा असंही त्यात आहे. थॉमसन रॉयटर्सनं तो धंदा २०१६ मध्येच विकला होता. यादी आता क्लॅरिव्हेट काढते. असो.

कॉम्बिनेटोरिक्सच्या उत्तम जर्नलांचा आकडा एकाच्या आसपास घुटमळतो, काहींचा कायम एकाखाली. म्हणजे आमच्या विषयातली सर्वांत मोठी गर्दी नेमकी तुमच्या पायरीच्या कडेवर आहे. समजा एका जर्नलात दोन वर्षांत मिळून २०० पेपर आले. त्यांना पुढच्या वर्षी १८८ संदर्भ मिळाले तर आकडा ०.९४, १९२ मिळाले तर ०.९६. २०२३ पासून क्लॅरिव्हेट हा आकडा दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत छापते. त्यामुळे पहिला ०.९ होतो, दुसरा १.०. जगात कुठेतरी चार माणसांनी चार तळटीपा जास्त लिहिल्या, की इथे प्रत्येक उमेदवाराला पाच गुण जास्त. आणि त्या चार तळटीपा त्या उमेदवाराच्या पेपराच्या असण्याचीही गरज नाही. बारावीचा निकाल कुणी असा लावला तर पालक मोर्चा काढतील.

दुसरीकडे, एकाच ‘गणित’ या शीर्षकाखाली तुम्ही आम्हाला अशा जर्नलांच्या शेजारी बसवता जिथे प्रवाहांची, उष्णतेची, संगणकीय अभियांत्रिकीची समीकरणं सोडवतात. तिथे पेपर झटपट येतात, प्रत्येकात साठ-सत्तर संदर्भ असतात आणि आकडा सहज पाचावर जातो. त्यांचं काम कमी दर्जाचं असं मी म्हणत नाही. त्यांची लिहायची रीत वेगळी आहे, एवढंच. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेनं दोन सहयोगी संस्थांबरोबर २००८ मध्ये ‘सायटेशन स्टॅटिस्टिक्स’ नावाचा अहवाल काढला होता. गणितात संदर्भांची सरासरी जीवशास्त्राच्या मानानं किती तुटपुंजी असते हे त्यात मांडलं आहे. शिवाय गणिताच्या जर्नलांना मिळणारे जवळपास ९० टक्के संदर्भ त्या दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात, असंही त्यात आहे. म्हणजे दहातले नऊ संदर्भ तुमच्या मापात येतच नाहीत.

या ९० टक्क्यांचा अर्थ मला आपल्याकडच्याच एका माणसाच्या कामातून सांगायचा आहे.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे. नागपूरला शिकवत होते, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले, एप्रिल २०२० मध्ये १०२ व्या वर्षी गेले. ऑयलरनं १७८२ मध्ये एक तर्क मांडला होता: सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौकोनात असे उभे करता येणार नाहीत, की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल, आणि ६ च्या पुढे १०, १४, १८ अशा आकारांनाही ते जमणार नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. बाकी सगळ्या बाबतीत चुकला होता, आणि हे १९५९ मध्ये राज चंद्र बोस, श्रीखंडे आणि अमेरिकेतले पार्कर यांनी सिद्ध केलं. न्यूयॉर्क टाइम्सनं ते पहिल्या पानावर छापलं. १७७ वर्षांनी.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या पेपराबद्दल. संख्याशास्त्राच्या एका जर्नलात श्रीखंड्यांनी १६ बिंदूंचा एक ग्राफ दाखवला. वर्गात मी तो असा शिकवतो: फळ्यावर ४ बाय ४ चा बुद्धिबळाचा पट काढतो आणि हत्तीच्या चालीनं घरं जोडतो. प्रत्येक घराला ६ शेजारी. कुठलीही दोन घरं घ्या, त्यांचे सामाईक शेजारी बरोबर २. मग विचारतो, हेच आकडे असणारा, पण याच्याहून वेगळा ग्राफ असेल का? पोरं ‘नाही’ म्हणतात. मग मी श्रीखंड्यांचा ग्राफ काढतो. तिथेही ६ शेजारी, तिथेही २ सामाईक. फरक कुठे? हत्तीच्या ग्राफमध्ये एका घराचे सहा शेजारी दोन त्रिकोण होऊन बसतात. श्रीखंड्यांच्या ग्राफमध्ये ते षटकोनात हात धरून उभे राहतात. फळ्यावर हा षटकोन उमटतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, त्यासाठी मी या नोकरीत राहिलो.

१९६० किंवा ६१ साली या पेपराला किती संदर्भ मिळाले असतील? दोन वर्षांच्या मापानं फारसे नाहीतच. आज मशीन लर्निंगवाले ग्राफ न्यूरल नेटवर्कची परीक्षा घेतात तेव्हा हत्तीचा ग्राफ आणि श्रीखंड्यांचा ग्राफ यांचीच जोडी पुढे ठेवतात: तुमचं यंत्र या दोघांना वेगळं ओळखतं का? पुष्कळशी ओळखत नाहीत. ऑयलरच्या ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न तर २०२२ मध्ये पुंज-यांत्रिकीत नव्यानं सुटला, आणि त्या चमूत आयआयटी मद्रासचे संशोधक होते. एर्दोश आणि रेन्यी यांचे यादृच्छिक ग्राफवरचे १९५९-६० चे पेपर १९९८-९९ नंतर, नेटवर्कवाल्यांचा जमाना आल्यावर, नव्यानं उचलले गेले. रॅम्से संख्यांवर एर्दोश आणि सेकेरेश यांनी १९३५ मध्ये लावलेली वरची मर्यादा लक्षणीयरीत्या पहिल्यांदा खाली आली ती २०२३ मध्ये. आमच्या विषयात पेपर आंब्याच्या कोयीसारखा असतो. तुम्ही दोन वर्षांनी येऊन विचारता, फळ कुठे आहे?

उलटही होतं. २०१६ च्या मे महिन्यात क्रूट, लेव्ह आणि पाख यांनी ‘कॅप सेट’ प्रश्नाकडे जाणारी एक युक्ती अर्काइव्हवर, म्हणजे छापण्याआधीचे पेपर ठेवतात त्या संकेतस्थळावर, टाकली. काही आठवड्यांत एलेनबर्ग आणि गाइस्वाइट यांनी ती वापरून मूळ प्रश्नच निकालात काढला. जगभर सेमिनारं झाली, लोकांनी त्यावर पुढचे पेपर लिहायला घेतले, आणि छापील पेपर आला २०१७ मध्ये. म्हणजे जिथे गडबड खरोखर दोन वर्षांत होते, तिथेही ती बरीचशी जर्नलाच्या आधीच होऊन जाते.

तिसरी तक्रार बारीक आहे, पण माझ्या घरची आहे. माझं आडनाव इंग्रजीत ‘डब्ल्यू’नं सुरू होतं.

गणितात लेखकांची नावं वर्णानुक्रमे येतात. कुणी किती काम केलं याच्याशी क्रमाचा संबंध नसतो; अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीनं हे २००४ मध्ये लेखी सांगून ठेवलं आहे, खास अशाच समित्यांसाठी. तुमच्या नियमात मात्र तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, इतरांना प्रत्येकी ३० टक्के. मी आयुष्यभर तिसरा किंवा चौथा. एका पेपराची कळीची कल्पना मला कोल्हापूर स्थानकावर, उशिरा आलेल्या गाडीची वाट पाहताना सुचली होती, पण ‘ए’नं आडनाव सुरू होणारा सहलेखक पहिला. तो बिचारा दरवेळी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार असतो की मुख्य लेखक मीच. आम्ही दोघं त्यावर हसतो. पण माझ्या विद्यार्थिनीचं आडनावही वर्णमालेच्या शेपटाकडचं आहे, आणि तिच्या दोन पेपरांत असेच ३० टक्के लागले आहेत. जिथे तीन गुणांनी नोकरी जाते तिथे हसू येत नाही.

चौथं, आणि हे लिहिताना आमच्याच लोकांचा रोष पत्करतो आहे. तुमचा तक्ता कुठल्या प्रकारचं काम वाढवतो आहे, ते बघा. १९४७ मध्ये हॅरी वीनर या रसायनशास्त्रज्ञानं रेणूचा सांगाडा ग्राफ म्हणून काढला, त्यातल्या सगळ्या बिंदूंमधल्या अंतरांची बेरीज केली, आणि तिचा पॅराफिनच्या उत्कलनबिंदूशी संबंध दाखवला. सुंदर काम. त्यानंतर असे शेकडो ‘टोपोलॉजिकल इंडेक्स’ निघाले. आता एक इंडेक्स घ्यायचा, एक नळीसारखा किंवा जाळीसारखा ग्राफ घ्यायचा, कडा मोजायच्या, सूत्र लिहायचं, पेपर तयार. पुढच्या महिन्यात दुसरा इंडेक्स, तोच ग्राफ. प्रत्येक पेपर मागच्या चाळीस पेपरांना संदर्भ देतो आणि सगळ्यांचेच आकडे फुगतात. ग्राफ लेबलिंगची, म्हणजे ग्राफच्या बिंदूंना नियमानं आकडे देण्याचीही कहाणी तशीच. १९६७ मध्ये रोसा यांनी एका खऱ्या अवघड प्रश्नातून ते सुरू केलं. प्रत्येक वृक्षाचं ‘ग्रेसफुल’ लेबलिंग करता येतं का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. पण हजारो पेपर त्या प्रश्नाच्या आसपासही फिरकत नाहीत. कुठल्यातरी नव्या नावाचा ग्राफ, कुठल्यातरी नव्या नावाचं लेबलिंग. आपल्या महाविद्यालयांतून यातलं बरंच काही जातं, हे तुम्हालाही माहीत आहे. दोष त्या शिक्षकांचा किती? आठवड्याला अठरा तास शिकवून, नॅक मूल्यांकनाच्या फायली भरून, निवडणुकीची ड्यूटी करून ज्याला पदोन्नतीसाठी दरवर्षी आकडा दाखवायचा आहे, तो तीन वर्षं लागणारा प्रश्न हातात घेईल कशाला?

आकडा विकणाऱ्या कंपनीलाही हे दिसलं आहे. सर्वाधिक संदर्भ मिळवणाऱ्या संशोधकांची यादी क्लॅरिव्हेट दरवर्षी काढते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं त्या यादीतून गणित हा विषयच वगळला. इथे मुळात संदर्भ कमी, त्यामुळे थोड्या लोकांनी ठरवून केलं तरी निकाल फिरतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याची तागडी तोच सांगतो आहे की या मालाचं वजन यावर नीट होत नाही. आपण मात्र त्याच तागडीवर माणसं तोलतो आहोत.

आता तुमची बाजू. ती मला कळते, कारण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही: त्या तक्त्यावर बोट ठेवून मीही ५ लिहिले आहेत. २०१० मध्ये गुणांची पद्धत आली तेव्हा मी खूश होतो. त्याआधी निवड कशी व्हायची ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मुलाखतीच्या आदल्या रात्री फोन यायचे. आकडा निदान फोन घेत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज आला, कोर्टात प्रकरण गेलं, तर आकडा टिकतो, ‘काम चांगलं वाटलं’ हे टिकत नाही. एका जागेला शंभरावर अर्ज, समितीत आमच्या शाखेचा माणूस नाही, हातात एक दिवस. त्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नलांचा सुळसुळाट; त्यांना आवर घालायला आयोगानं मान्य जर्नलांची केअर यादी केली, तिचं कामकाज पुण्यातूनच चालायचं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता तर जो तो आपापली चाळणी लावतो आहे, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं आहे. हे सगळं मान्य. पण बोगस जर्नल ओळखायला इम्पॅक्ट फॅक्टर लागत नाही. संपादक मंडळाची नावं वाचली, तर शाखेतला कुठलाही माणूस पाच मिनिटांत सांगेल. मी ज्या दोन वेळा ५ लिहिले, त्यातल्या एका उमेदवाराच्या जर्नलाचं संपादक मंडळ मी उघडूनही पाहिलं नव्हतं. वेळ नव्हता, असं स्वतःला सांगितलं. वेळ होता; त्या दिवशी आमचं जेवण दीड तास चाललं होतं.

तेव्हा मागण्या. नवा कायदा लागत नाही अशाच मागतो आहे.

गणिताच्या उमेदवारांचे सर्वोत्तम तीन पेपर, उमेदवारानं स्वतः निवडलेले, त्या उपशाखेतल्या दोन बाहेरच्या जाणकारांकडे वाचायला पाठवा आणि त्यांचा लेखी अभिप्राय फाइलला लावा. लेखी अभिप्रायही माहितीच्या अधिकारात टिकतो. समितीवर ‘विषयतज्ज्ञ’ बोलावताना नुसता ‘गणित’ हा शब्द पुरेसा समजू नका. द्रवगतिकीच्या माणसाला कॉम्बिनेटोरिक्स वाचायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे.

जिथे संपादक मंडळ उठून नव्या जर्नलात गेलं आहे, तिथे ‘निरंक’ लिहू नका. जुन्या जर्नलाला जी पायरी मिळते ती नव्याला द्या. अशी जर्नलं आमच्या विषयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. यादी मी करून देतो.

आकडा लागतच असेल तर दोन वर्षांचा वापरू नका. गणिताच्या पेपरांची सूची ठेवणारं मॅथसायनेट गणितापुरता पाच वर्षांचा आकडा देतं. तशीच दुसरी सूची, झेडबीमॅथ ओपन, २०२१ पासून सगळ्यांना फुकट आहे, तिथे एकेका पेपराचे संदर्भ आणि समीक्षण दिसतं. जर्नलाचा आकडा पेपराला चिकटवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गणितातल्या सहलेखकांना गुण समान वाटा, किंवा वर्णानुक्रमाचा नियम असलेल्या पेपरांना ७०-३० लावणं थांबवा. आयोगाचा नियम आड येतो असं वाटत असेल तर तसं आयोगाला लेखी कळवा. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही गुणपद्धतच काढून टाकण्याचा विचार आयोगानं स्वतः मांडला होता, तेव्हा ऐकणारे कान तिकडे आहेत.

आणि शेवटची मागणी एका विशिष्ट विद्यापीठाला. ते कोणतं हे त्यांना कळेल. माझ्या विद्यार्थिनीची फाइल पुन्हा उघडा. तिला पद द्या असं मी म्हणत नाही; तिच्यापेक्षा चांगला उमेदवार असेल तर त्याला जरूर घ्या. पण तिला मुलाखतीला बोलवा, आणि बोलवणार नसाल तर कारण एका वाक्यात लिहून द्या, ज्यात ‘निरंक’ हा शब्द नसेल.

तिच्या पेपराच्या तीन प्रती मी आवक विभागात दिल्या आहेत. एकतीस पानं आहेत. चौथा विभाग जरा जड आहे. समितीतल्या कुणालाही तो समजून घ्यायचा असेल तर ती येईल, मीही येईन, सुटीच्या दिवशी बोलावलंत तरी चालेल. दोन तास लागतील. फळा मात्र मोठा असू द्या, श्रीखंड्यांचा ग्राफ आधी काढावा लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आडनाव शेवटी येणारा एक गणित-शिक्षक